नांगरलेल्या जहाजावर एक दिवस

चिटगुप्पा, हुमनाबादकडे तुरीच्या रानात वाढलेल्या आपल्या माणसांना समुद्र लांबचा. तरी लक्षद्वीपची बोटसफर एकदा करावीच, असं मला मनापासून वाटतं. लक्षद्वीप पर्यटनाच्या ‘समुद्रम’ सहलीतलं ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे 700 प्रवाशांचं जहाज. कोचीहून निघून कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय करायचं. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर.

बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं, आत पाणी उथळ. म्हणून मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि लोक लहान होड्यांतून किनाऱ्याला जातात. मिनिकॉयला 1885चं दीपगृह आहे, ते पाहण्यासारखं.

पण एखादा निवांत तास डेकवरही काढावा. नांगरलेलं जहाज स्थिर नसतं; वारा आणि प्रवाह बदलला की नांगराभोवती हळूहळू फिरतं. मघाशी समोर असलेली नारळीची रांग मग पाठीमागे जाते! आणि त्याला धरून ठेवतो तो एकटा नांगर नव्हे. पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब साखळी सोडतात; तळावर पसरलेल्या तिच्या वजनाचाही मोठा आधार असतो.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा बेत हिवाळ्यातला ठेवा. आणि प्रवेश-परवाना आधीच काढा, त्याशिवाय बेटांवर जाता येत नाही.