इंटरनेटचे नवे पत्ते आणि उशिरा आलेले देश



टपाल पोहोचायला जसा पत्ता लागतो, तसा आपल्या खिशातील फोनपर्यंत माहिती पोहोचायलाही एक आकडी पत्ता लागतो. हा पत्ता कसा असावा, हे इंटरनेट प्रोटोकॉल नावाचे नियम ठरवतात. त्यांची चौथी आवृत्ती १९८१ सालची. तिच्यात एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. त्या काळी हा खजिना कधी संपेल असे कोणाला वाटले नव्हते. वाटपही सढळ हाताने झाले. अमेरिकेतील एमआयटी या एकाच संस्थेकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते गेले. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पंगतीला उशिरा बसणाऱ्याच्या पानात काय पडते, हे मी सांगायला नको.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशियाचा साठाही तळाला गेला. त्यानंतर नव्या अर्जदार कंपनीला जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळू लागले. मग एका पत्त्यावर अनेक घरे बसवण्याची युक्ती आली. चाळीचा पत्ता एक, खोल्या शंभर, अशातला हा प्रकार. यात एका खोलीतील माणसाने आगळीक केली, तर एखादी वेबसाइट साऱ्या चाळीलाच दार बंद करते. आणि एखाद्या हुशार मुलाने घरच्या संगणकावर स्वतःची वेबसाइट चालवून जगाला दाखवू म्हटले, तर बाहेरच्या पाहुण्याला त्याची खोली सापडत नाही.

सहाव्या आवृत्तीचे नियम १९९८ सालीच तयार होते. त्यात पत्ते इतके, की ३४ वर ३७ शून्ये द्यावी लागतात. तरी कित्येक वर्षे त्यांना फारसे कोणी विचारले नाही. याचे कारण साधे आहे. नवा पत्ता जुन्या पत्त्याशी थेट बोलू शकत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. ज्याच्याकडे जुने पत्ते मुबलक, तो हा खर्च कशाला करील? आपल्या सरकारने जुलै २०१० मध्ये रीतसर आराखडा काढला, मुदती घातल्या. पण मुदती पुढे सरकत राहिल्या. नुसत्या परिपत्रकाने यंत्रे बदलत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडे हलले ते ५ सप्टेंबर २०१६ नंतर. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली. तिच्या जाळ्यात फोनवरचे बोलणेसुद्धा इंटरनेटच्याच मार्गाने जाते, म्हणून प्रत्येक फोनला पत्ता हवा. फेब्रुवारी २०१७ पर्यंत ग्राहक १० कोटींवर गेले. इतके जुने पत्ते आणायचे कोठून? बाजारात ते पैसे मोजून घ्यावे लागतात. शिवाय कंपनीचे जाळे कोरे, जुनी यंत्रे सांभाळण्याची अडचण नाही. तिने सहाव्या आवृत्तीवरच उभारणी केली. गूगल आणि फेसबुक यांनी ६ जून २०१२ पासून नव्या पत्त्यांसाठी दारे कायमची उघडली होती, आणि बाजारातील नव्या फोनांनाही हे पत्ते समजत होते. आज भारतातील निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरणारे नव्या पत्त्यांवर आहेत, आणि या बाबतीत आपला देश जगात आघाडीवर आहे.

मात्र टंचाई आली की बदल आपोआप होतो, असे समजू नका. आफ्रिका विभागाचा जुना साठा सर्वांत जास्त काळ पुरला, त्यामुळे तिथे चटका उशिरा बसला. पण तो बसल्यावरही तेथील अनेक देश मागेच आहेत. नवे जाळे उभारायला भांडवल लागते आणि ते चालवायला शिकलेली माणसे लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये आपला पत्ता शोधा. आकड्यांच्या चार गटांमध्ये नुसते ठिपके दिसले, तर तो जुना. अपूर्णविराम आणि मधूनमधून इंग्रजी अक्षरे दिसली, तर तो नवा. बऱ्याच फोनांत दोन्ही सापडतील. मग हेच शाळेच्या वायफायवर करून पाहा, आणि काय दिसले ते आपल्या संगणकाच्या शिक्षकांना विचारा.