डोक्यावरचा रुमाल

'कर्चिफ' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'डोके झाकणारे'. पुढे ते कापड हातात आले आणि त्याचे 'हँडकर्चिफ' झाले. म्हणजे हातातले डोके झाकणारे! आपल्या रुमालाचा प्रवास नेमका उलटा. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. पण महाराष्ट्रात हा तोंड पुसणारा डोक्यावर जाऊन बसला. जुनी मंडळी रुमाल बांधून निघत, ती डोक्यालाच. पेशवे दप्तरातले कागद बांधलेली फडकीही रुमालच.

थोडक्यात, कापडाला अर्थ येतो तो वापरणाऱ्यामुळे. याचे मोठे उदाहरण अर्जेंटिनातले आहे. १९७६ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली. हजारो तरुणांना उचलून नेले, त्यांचा पुन्हा पत्ता लागला नाही. मानवी हक्क संघटना हा आकडा ३० हजार सांगतात. ३० एप्रिल १९७७ रोजी ब्युनोस आयर्समध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात चौदा आया जमल्या. जमावाला बंदी होती. 'थांबू नका, चालत राहा,' असे पोलिसांनी दरडावले. त्या दोघी-दोघींनी चौकाला फेऱ्या मारू लागल्या. पुढे दर गुरुवारी हा क्रम सुरू राहिला.

त्याच वर्षी लुहान या तीर्थक्षेत्राच्या यात्रेत सामील व्हायचे ठरले. एवढ्या गर्दीत एकमेकींना ओळखायचे कसे? त्यांनी बाळाला बांधायचा पांढरा सुती लंगोट डोक्याला बांधला. स्पॅनिशमध्ये लंगोट म्हणजे 'पान्याल' आणि रुमाल म्हणजे 'पान्युएलो'. दोन्ही शब्द कापड या अर्थाच्या एकाच शब्दातून निघालेले. पुढे या रुमालांवर हरवलेल्या मुलांची नावे भरली गेली.

त्याची किंमतही मोजावी लागली. संघटनेच्या एक संस्थापक असुसेना विल्याफ्लोर यांना डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेण्यात आले. त्यांच्या अवशेषांची ओळख पटली ती थेट २००५ साली. लष्करी राजवट १९८३ मध्ये संपली. त्या चौकातल्या फरशीवर हे पांढरे रुमाल रंगवले गेले.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर बाईने डोक्यावर पदर घ्यायचा, तो मान म्हणून आणि बहुधा गप्प राहण्यासाठी. या आयांनी डोके झाकले ते सत्ताधाऱ्यांना एकच प्रश्न विचारण्यासाठी : आमची मुले कुठे आहेत?