पारपटलाचा नकाशा
(वार्षिक सभेत नेत्रविभागातर्फे केलेले भाषण)



"सुई नाही, औषध नाही, दोन मिनिटांत तपासणी संपते; मग शुल्क कशाचे?" कॉर्नियल टोपोग्राफीच्या यंत्राविषयी हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे.

डोळ्याच्या पुढच्या बाजूचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर; तरीही डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश कार्य तोच करतो. १८८० च्या सुमारास पोर्तुगालचे नेत्रतज्ज्ञ आंतोनिओ प्लासिदो यांनी काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची चकती डोळ्यासमोर धरून तिचे पारपटलावरील प्रतिबिंब पाहिले. वर्तुळे वेडीवाकडी दिसली, तर पृष्ठभागात दोष आहे. आमचे यंत्र याच तत्त्वावर चालते; संगणक असंख्य बिंदूंवरील वक्रता मोजून रंगीत नकाशा काढतो. लाल भाग अधिक वक्र, निळा सपाट.

रुग्णाने हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे पाहावे, एकदा पापणी मिटून उघडावी आणि क्षणभर स्थिर राहावे. अश्रूंचा थर विस्कटला की प्रतिबिंब तुटते. म्हणून डोळ्यात थेंब घालण्यापूर्वीच ही तपासणी करतो. कॉन्टॅक्ट लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स आधी एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ काढून ठेवावी लागते. लग्न तोंडावर आलेल्या मंडळींना हे रुचत नाही, याची आम्हांला कल्पना आहे!

आता मूळ मुद्दा. केराटोकोनस या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. चष्म्याचा, विशेषतः सिलिंडरचा, नंबर वारंवार बदलतो आणि घरचे दूरदर्शनला दोष देतात. डोळे चोळण्याची सवय विकाराला हातभार लावते. जीवनसत्त्व ब-२ चे थेंब आणि अतिनील किरण यांच्या साहाय्याने पारपटल बळकट करण्याच्या उपचाराचे रुग्णांवरील पहिले निष्कर्ष जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. या उपचाराने विकाराची वाढ बहुतांशी थांबते. गेलेला आकार मात्र पूर्ववत होत नाही. पारपटलावर दाट व्रण पडला, तर नेत्ररोपणाची, म्हणजे कोणा मृताच्या आप्तांच्या औदार्याची, वाट पाहावी लागते.

एका शाळकरी मुलीच्या आईने आम्हांला विचारले, "हे आधी का नाही सांगितलंत?" जुने कागद काढले. सिलिंडरचा वाढता नंबर आम्हीच दोनदा नोंदवला होता आणि दोन्ही वेळा नवा चष्मा देऊन तिला घरी पाठवले होते. आम्ही निरुत्तर झालो. तेव्हापासून नंबर असा वाढत असलेल्या प्रत्येक मुलाचा नकाशा काढतो. ऐपत नसेल तेथे खर्च आपल्या देणग्यांतून होतो.

त्या मुलीचा उजवा डोळा उपचाराच्या पलीकडे गेला होता. तिला कडक लेन्स लावावी लागते. डाव्या डोळ्यावर उपचार वेळेत झाला. दर सहा महिन्यांनी त्याचा नकाशा काढून मागच्या नकाशाशेजारी ठेवतो. गेल्या वेळी दोन्ही सारखेच निघाले.