सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कर्करोगापर्यंत



मागे नाचाची पोरं नटून उभी आहेत, तेव्हा फार वेळ घेत नाही.

आपल्या सातपुड्यात सीताफळं उदंड. या सीताफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एका मुलीने १९४३ साली एम.एस्सी. केलं. त्याच पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी., मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स, आणि परत आल्यावर देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा. त्या जिथे काम करत, त्या मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेचं आजचं रूप म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक. तिथे आज हिस्टोन प्रथिनांवर काम चालतं.

हिस्टोन कशाला हवीत? एका पेशीतला डीएनए ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो बसवायचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात! म्हणून तो रिळावर दोरा गुंडाळावा तसा हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचं एक रीळ, त्यावर जेमतेम पावणेदोन वेढे. या सगळ्या गुंडाळ्याला क्रोमॅटिन म्हणतात. गुंडाळी घट्ट, तर तिथलं जनुक बहुधा बंद. सैल केली, तर ते वाचता येतं. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत जनुकं तीच, पण उघडी कोणती, यात फरक.

ही रिळं सरकवणारी वेगळी प्रथिनं असतात. लहान मुलांना क्वचित होणारा रॅब्डॉइड ट्यूमर नावाचा घातक कर्करोग आहे. त्यात या सरकवणाऱ्या चमूतलं स्मार्कबी१ हे एकच प्रथिन गायब असतं, हे १९९८ साली कळलं. तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगात डीएनएचे बिघाड ढिगाने सापडतात. रॅब्डॉइड ट्यूमरमध्ये मात्र बाकीचा डीएनए तपासला तर बिघाड अगदी थोडे. पेशीची वाढ रोखणारं जनुक शाबूत असतं, फक्त ते उघडायला कुणी येत नाही. मला तर हे उदाहरण सगळ्यांत बोलकं वाटतं. कारण जनुक मोडलं असेल तर दुरुस्ती महाकठीण. नुसतं बंद असेल, तर औषधाने उघडून पाहता येतं, आणि तसे प्रयत्न चालू आहेत.

अकरावीच्या मुलांनो, प्रात्यक्षिकाला कांद्याच्या मुळाचं टोक रंगवाल, तेव्हा गुण मिळाले म्हणून स्लाइड लगेच धुऊ नका. विभाजन सुरू झालेली पेशी शोधा. तिच्यात जाड धागे दिसतील, तेच गच्च आवळलेलं क्रोमॅटिन. शेजारच्या पेशीत ते विसकटलेलं असेल. दोन्हींची चित्रं काढून सरांना दाखवा.

चला, आता नाच सुरू होऊ द्या.