नाटकाचा धंदा आणि वऱ्हाडचा माणूस



मला नाटकावर बोलायला बोलावले आहे आणि मी धंद्यावर बोलणार आहे. चालकांनी क्षमा करावी. गेली तीस वर्षे मी अकोला-अमरावतीच्या हौशी रंगभूमीवर वावरतो आहे. या काळात दरवर्षी कोणी ना कोणी मला एकच प्रश्न विचारतो. यंदा विचारणारा पोरगा अकोल्याकडचा होता. राज्य नाट्य स्पर्धेतला प्रयोग आटोपल्यावर तोंडावरचा रंग पुसता पुसता तो म्हणाला, "भाऊ, मुंबईले जाऊ का राहू अठीच? घरचे म्हणतात, दोन वर्षांत पोट भरत नसन तर वापस ये अन् दुकानात बस."

मी विचारले, "तुले काय काय येते रे?"

"अ‍ॅक्टिंग."

एवढेच. त्या एका शब्दाने मला घोर लागला. माझ्या पहिल्या नाटकाची मला आठवण झाली. शेवटच्या प्रवेशात मी नायक मरून पडलो होतो आणि पडदा अडकला. दोरी कुठे अडते, हे ज्याला ठाऊक तो गृहस्थ चहाला गेलेला. अखेर मेलेला नायक उठला, विंगेत जाऊन त्याने दोरी सोडवली, आणि अकोल्याच्या प्रेक्षकांनी मरणापेक्षा त्या पुनरुत्थानालाच जास्त टाळ्या दिल्या! दुसऱ्या दिवसापासून मी पडदेवाल्याच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली.

चिंतामणराव कोल्हटकर (१८९१-१९५९) म्हटले की नाटकाच्या दर्दी माणसाला ‘भावबंधना’तला घनश्याम आठवतो. गडकऱ्यांनी ते नाटक आपल्या अखेरच्या आजारात पुरे केले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, इथून फार दूर नसलेल्या सावनेरला देह ठेवला. पण घनश्याम हे चिंतामणरावांचे एक रूप झाले. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, आणि नट होता तो मालकही झाला. फिरत्या कंपनीचा मालक म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. मुक्काम ठरवायचा, थिएटरचे भाडे ठरवायचे, पडद्यांच्या आणि कपडेपटाच्या पेट्या रेल्वेत चढवायच्या, तालमी घ्यायच्या, नाटककाराच्या दारात बसून नवा अंक काढून घ्यायचा, एकाचा घसा बसला की दुसऱ्याला उभा करायचा, दोन वेळच्या पंगतीची काळजी वाहायची आणि रात्री पुन्हा तोंडाला रंग लावायचा.

या कंपनीला १९२७ साली ‘रणदुंदुभि’ मिळाले ते अमरावतीहून. वीर वामनराव जोशी हे स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले गृहस्थ. नाटककार म्हणून त्यांची ओळख आपल्याच गावात आज पुसट होत चालली आहे, याची मला खंत वाटते. त्यांची पदे दीनानाथांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली.

दुसरा माणूसही अमरावतीचाच. विश्राम बेडेकर इथे १९०६ साली जन्मले. त्यांचे ‘ब्रह्मकुमारी’ बळवंतने १९३३ साली रंगभूमीवर आणले. तोवर बोलपट आला होता. नाटकाला ओहोटी लागलेली पाहून कंपनी चित्रपटात उतरली. १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्धा’चे दिग्दर्शन बेडेकरांनी चिंतामणरावांच्या जोडीने केले. तो व्यवहार अंगाशी आला.

आता कोणी म्हणेल, एवढी सगळी कामे येत होती, तरी कंपनी बुडालीच ना? बुडाली. मी ते लपवत नाही. काळाची लाट अंगावर आली की हुन्नर कंपनीला वाचवू शकत नाही. पण माणसे बुडाली नाहीत. चिंतामणराव पुढेही रंगभूमीवर राहिले. उतारवयात ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र लिहून १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी मिळवला. बेडेकर चित्रपटात गेले, कादंबरी लिहिली, पुन्हा नाटकाकडे वळले आणि १९८० साली, सत्तरी उलटल्यावर, ‘टिळक आणि आगरकर’ घेऊन उभे राहिले. नुसता गळा किंवा नुसता चेहरा घेऊन जे या धंद्यात आले, त्यांतले कितीतरी त्याच लाटेत कुठे गेले याचा पत्ता नाही. त्यांच्यातही गुणी माणसे होती, हे विसरू नये.

त्या पोराला मी मुंबईला जाऊ नको म्हटले नाही. म्हणण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगितले, की आधी एक वर्ष इथे दिवे सांभाळ, नेपथ्याचे खिळे ठोक, तिकिटांचा हिशोब लिही. त्याला ते फारसे रुचले नसावे. मान हलवून गेला.

परवा रात्री उशिरा त्याचा फोन आला. एका तालुक्याच्या गावी तो दिवे घेऊन गेला होता. म्हणाला, "भाऊ, त्यायचा हवालदार आलाच नाही. पाठांतर होतंच मले, रोजच आयकतो. म्या दिवे दुसऱ्यापाशी देल्ले अन् उभा राह्यलो."

"मग? कसं झालं?"

"लोकं लय हासले. पैसे मात्र दिव्याचेच भेटले."