वाद्य ही हौस की हत्यार?



शिलाई मशीन, शेळी, पिठाची गिरणी यांच्यासाठी गटात कर्जाचा अर्ज आला की आपण फारसा वाद घालत नाही. पण कुणी वाद्यासाठी पैसे मागितले तर? तेही मुलीसाठी, आणि तेही ड्रमसाठी? ऑर्केस्ट्रात वादक मधे बसून हातापायांनी वाजवतो तो ड्रमसेट आपण पाहिलेला असतो. मोठमोठ्या वादकांच्या हाती पहिला ड्रम कसा आला, हे आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या कॅरेन कार्पेंटरची. शाळेच्या बँडमध्ये तिला धातूच्या पट्ट्यांचं वाद्य दिलं होतं. तिचं मन मात्र ड्रमवर. मुलीनं ड्रम वाजवावा ही तेव्हा शाळेत रीत नव्हती. तरी ती मागे हटली नाही. घरी स्वयंपाकघरातली स्टुलं मांडून ती काड्यांनी सराव करायची. तिची चिकाटी पाहून आईवडिलांनी 1964 साली तिला ड्रमसेट घेऊन दिला. तो साधा होता, पुढे त्याहून चांगला आला. भावासोबत तिनं गाणी केली आणि 1970 पासून ती घराघरात पोचली. ती गायिका म्हणून गाजली, पण स्वतःला आधी ड्रमवादक म्हणायची.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या रिंगो स्टारची. बीटल्स या जगप्रसिद्ध बँडचा हा वादक गरीब वस्तीतला. लहानपणी क्षयरोगामुळे तो बराच काळ दवाखान्यात होता. तिथे मुलांचा मन रमवायला बँड होता, तिथेच त्याला वाजवायचा नाद लागला. 1957 च्या नाताळात सावत्र वडिलांनी त्याच्यासाठी जुना, वापरलेला ड्रमसेट आणला. पुढे नवा घ्यायचा तर आगाऊ रक्कम भरायला पैसे नव्हते. ते आजोबांनी उसने दिले आणि पठ्ठ्यानं कारखान्यातल्या पगारातून ते फेडले. 1963 मध्ये त्यानं लंडनच्या दुकानात आपला तेव्हाचा सेट देऊन लुडविग कंपनीचा सेट घेतला. म्हणजे आधी जुना, मग उसनवारीवर नवा, आणि नाव झाल्यावर उत्तम.

आपल्या देशातही उदाहरण आहे. बिहारमध्ये पाटण्याजवळ ढिबरा गावात शेतमजुरी करणाऱ्या महादलित बायांनी 2016 च्या सुमारास सरगम महिला बँड उभा केला. पद्मश्री सुधा वर्गीस यांचं पाठबळ त्यांना होतं. सुरुवातीला घरचे आणि गावचे हसले. आज त्याच बाया लग्नात, कार्यक्रमात ड्रम वाजवून चार पैसे घरी आणतात.

आता आमच्या गटाचं सांगतो. यंदा एका ताईंनी लेकीसाठी अर्ज दिला. पोरगी शाळेच्या बँडमध्ये वाजवते, घरी तेलाच्या डब्यांवर सराव करते. तालुक्याच्या ठिकाणी एक जुना सेट 15,000 रुपयांना मिळत होता. बैठकीत आवाज चढले. "पोरीचं लग्न जमायचं नाही," एक म्हणाली. "हौसेला गटाचा पैसा नको," दुसरी म्हणाली. दोन बैठका यातच गेल्या. शेवटी ठरलं ते असं: 5,000 ताईंनी आपल्या बचतीतून घालायचे, 10,000 गटानं द्यायचे, दरमहा 1,000 मुद्दल आणि त्यावरचं व्याज. सेट घ्यायच्या आधी जाणत्या वादकाला दाखवायचा. वरचं पान फाटलं तर बदलता येतं, पण झांजेला चीर गेली की ती झांज फुकट, हे त्यानंच आम्हाला सांगितलं.

आजवर पोरीला दोन सुपाऱ्या मिळाल्या. हप्ता अजून दुधाच्या पैशातूनच जातो, पण एकही चुकलेला नाही. विरोध करणाऱ्यांपैकी एक ताई अजूनही नाराज आहेत, आणि ते त्यांनी उघड बोलावं असंच आम्हाला वाटतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला तर "मुलगी की मुलगा" हा प्रश्न बाजूला ठेवा. तीन गोष्टी विचारा. सराव किती दिवसांचा आहे? सुपारी आली नाही तर हप्ता कुठून येईल? आणि जुन्यावर भागत असताना नव्याचा हट्ट तर नाही ना? उत्तरं नीट मिळाली तर वाद्यालाही शिलाई मशीनच्या रांगेत बसवा. पहिलं वाद्य साधं असलं तरी चालतं. ते वेळेवर हाती यावं लागतं, आणि त्या वेळी पाठीशी कुणी तरी उभं असावं लागतं. रिंगोला आजोबा होते. आपल्या लेकींना गट आहे.