खिडकीचा उजेड आणि चेहऱ्याचा रंग
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुलाने जुना मोबाइल दिला आणि फोटो काढता काढता हात बसत गेला. मंडळाच्या पापड-मसाल्यांचे आणि तुमच्यापैकी पुष्कळजणींचे फोटो मीच काढते, म्हणून चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले.

आधी उजेड. दिवसा फोटो काढताना घरातला पिवळा दिवा बंद करा. खिडकीचा उजेड त्याच्यापुढे निळसर असतो. दोन्ही मिसळले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसतो. खिडकी बाजूला असू द्या, पाठीशी नको. दुसऱ्या गालावर सावली फार पडली तर त्या बाजूने धुतलेले पांढरे धोतर धरा. हा माझा शोध नव्हे. 'अपराजितो' या 1956 च्या बंगाली चित्रपटासाठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. अंगणात वरून उतरतो तसा मऊ उजेड मिळावा म्हणून सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावर दिव्यांचा झोत टाकला होता.

मग रंगांची दुरुस्ती. मुली सगळेच ओढून टोकाला नेतात आणि लाल मिरची शेंदरासारखी दिसू लागते. मी फोटोत मिठाची वाटी ठेवते. मीठ पांढरे दिसेपर्यंत पिवळेपणा-निळेपणा कमीजास्त करते, मग सावल्या थोड्या उघडते. रंगाचा भडकपणा सर्वांत शेवटी, तोही चिमूटभर. हळदीचा फोटो असला तर खरी हळद शेजारी ठेवून ताडून पाहते.

चेहऱ्याचा रंग मात्र मी उजळत नाही. यावरून कुणी कुणी रागावतात. आमच्या आळीतल्या एका मुलीची हकिकत तिला विचारूनच सांगते. स्थळांना पाठवायचा तिचा फोटो एका स्टुडिओने इतका गोरा केला, की पाहायला आलेल्या बाईंनी "मुलगी कुठे आहे?" असे विचारले. मुलगी चहाचे कप घेऊन समोरच उभी होती!

मग मी तिचा फोटो सकाळी आठला परसात काढला. सावळ्या चेहऱ्याला गोरेपणा नको, उजेड हवा. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले की मोबाइल त्या चेहऱ्यापुरता उजेड धरतो. पाठीमागे पांढरी भिंत घेऊ नये. मातकट भिंत किंवा झाडे चांगली. गालावरची चकाकी राहू द्यावी, ती पुसली की चेहरा राखेसारखा होतो.

हे दुखणे आपल्याच गावचे आहे असे नाही. 1950 च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्यांना एका गोऱ्या बाईचे चित्र देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर उमटली की यंत्र ठीक समजायचे; काळ्या माणसांचे चेहरे नीट उमटेनात, तरी पुष्कळ वर्षे तेच चालले. मोबाइलमध्येही 'ब्यूटी' म्हणून एक सोय असते, ती आधी बंद करा.

फोटो पाहून मुलीची आई म्हणाली, "वहिनी, थोडा तरी उजळ करा हो." मुलगीच म्हणाली, "नको आई, मी अशीच दिसते." तोच फोटो तीन ठिकाणी गेला आहे. उत्तरे अजून यायची आहेत.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी आठला माझ्याकडे यावे. येताना एक पांढरे कापड आणावे.